अकरा वादक, पाच ओळी: डोरिको प्रोमध्ये ब्रासचा स्कोअर लिहिताना

चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला ऑर्केस्ट्राचा कुठलाही मोठा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेला कागद, उघडा, पानाच्या मधोमध साधारण हीच ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची, पलटण उभी असते. माणसं अकरा, पण छापलेल्या ओळी बहुतेक वेळा पाचच. पहिला आणि दुसरा हॉर्न एका ओळीवर, तिसरा आणि चौथा तिच्या खाली, तिन्ही ट्रम्पेट एका ओळीत, दोन टेनर ट्रॉम्बोन एका ओळीत, आणि बास ट्रॉम्बोनच्या सोबतीला ट्यूबा. कंडक्टरला हे असंच हवं असतं. अकरा ओळी पसरल्या तर खालची व्हायोलिन्स पानाबाहेर जातील, आणि कॉर्ड कुठली आहे हे एका नजरेत कळणार नाही. तिसऱ्या ट्रम्पेटवाल्याला मात्र त्याच्या स्टँडवर फक्त त्याचे स्वर हवे असतात. शेजारच्यांचे स्वर त्याच्या काही कामाचे नसतात.

म्हणजे संगीत एकच, पण त्याचे कागद दोन तऱ्हेचे. ब्रास लिहिण्यातला सगळ्यात कष्टाचा भाग हाच आहे असं माझं ठाम मत आहे. डोरिको प्रो या नोटेशनच्या सॉफ्टवेअरबद्दल मला जे सांगायचंय ते या एकाच गोष्टीभोवती फिरतं. गिटारचे टॅब, पियानोचं पेडल, ड्रमसेट या कामांसाठी ते कसं आहे, हे इथे शोधू नका.

मी वसईची. चर्चच्या क्वायरसोबत नाताळात आणि ईस्टरला जो वाद्यवृंद बसतो, त्याचे स्कोअर आणि पार्ट (एकेका वादकाचा सुटा कागद) मी तयार करते. मुंबईच्या काही अरेंजर मंडळींसाठीही हेच काम करते. पप्पा गावच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं वाद्य) वाजवायचे, त्यामुळे पाच रेघांचा कागद मी मराठीच्या बाराखडीबरोबरच शिकले. वसईत आणि गोव्यात स्टाफ नोटेशन कॉलेजातून आलेलं नाही, ते चर्चमधून घराघरांत आलं. सॅबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी हिंदी सिनेमाची अरेंजर मंडळी याच मातीतून वर आली. त्यांच्या काळी अरेंजरच्या स्कोअरवरून प्रत्येक वाद्याचा पार्ट हाताने, शाईने उतरवला जायचा. हॉर्नचा पार्ट उतरवणारा कॉपीइस्ट डोक्यातल्या डोक्यात प्रत्येक स्वर पंचमाइतका वर चढवत लिहायचा. आजचं कुठलंही सॉफ्टवेअर त्या माणसाच्या तोडीचं आहे का, हे मी सतत मनात ठेवून बघते.

आमच्याकडे बरेच जण वर्षानुवर्षं फिनाले या नोटेशनच्या प्रोग्रॅमवर होते. 1988 पासून चालत आलेल्या या प्रोग्रॅमचं काम थांबवत असल्याचं मेकम्युझिक कंपनीने 26 ऑगस्ट 2024 ला जाहीर केलं, आणि त्याच घोषणेत फिनालेवाल्यांना सवलतीत डोरिकोकडे वळण्याची वाट दाखवली. डोरिकोमागची मंडळी मुळात सिबेलिअस या दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅमवाली. सिबेलिअसची मालक कंपनी एव्हिडने 2012 मध्ये लंडनचं ऑफिस बंद केल्यावर डॅनियल स्प्रेडबरी आणि त्याचे सहकारी हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीकडे आले, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये पहिला डोरिको बाजारात आला. नाव सोळाव्या शतकातल्या रोममधल्या संगीत-मुद्रक वालेरिओ डोरिकोचं. जुन्या प्रोग्रॅमला डागडुजी न करता या लोकांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली, आणि ब्रासवाल्यांना त्याचा फायदा पहिल्याच पडद्यावर दिसतो.

इथे तुम्ही ओळ मागत नाही, वादक मागता. सेटअपच्या पडद्यावर आधी ‘प्लेअर’ तयार करायचे आणि त्यांच्या हातात वाद्यं द्यायची. पहिला हॉर्न हा एक माणूस, दुसरा हॉर्न हा दुसरा माणूस. कुठल्या कागदावर कोण दिसणार, हे पुढे ‘लेआउट’ ठरवतो. पूर्ण स्कोअर हा एक लेआउट, दुसऱ्या हॉर्नचा पार्ट हा दुसरा, आणि फक्त ब्रासची तालीम घ्यायची असेल तर त्या अकरांचा वेगळा छोटा स्कोअर हा तिसरा. स्वर एकदाच लिहायचे. एका ठिकाणी दुरुस्त केले की सगळीकडे दुरुस्त होतात. मांडणीही परंपरेने येते. हॉर्न आवाजाने ट्रम्पेटपेक्षा खालचे असूनही स्कोअरवर त्यांच्या वर बसतात, कारण त्यांचं निम्मं आयुष्य वरच्या वुडविंडबरोबर जातं. डोरिको त्यांना न सांगता तिथे बसवतं आणि ब्रासच्या ओळींना डावीकडे एकत्र कंस घालतं.

आता त्या पाच ओळींकडे येऊ. 2019 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रोमध्ये ‘कंडेन्सिंग’ आहे, आणि माझ्यासाठी या सॉफ्टवेअरची अर्धी किंमत तिथेच वसूल होते. चारही हॉर्न तुम्ही चार वेगळ्या ओळींवर लिहायचे. स्कोअरच्या लेआउटमध्ये कंडेन्सिंग चालू केलं की डोरिको ते संगीत वाचतं आणि दोन-दोन वादक एका ओळीवर आणतं. दोघे तेच स्वर वाजवत असतील तर एकदाच लिहून वर ‘ए टू’ची खूण. स्वर वेगळे पण लय तीच असेल तर एका दांडीला (स्वराच्या खुणेच्या उभ्या रेघेला) दोन स्वर. लय वेगळी झाली की पहिल्याच्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खाली. एकटाच वाजवत असेल तर ‘1.’ किंवा ‘2.’ असा आकडा, आणि गप्प असलेल्याचे विराम गायब. हा निर्णय आख्ख्या तुकड्यासाठी एकदाच होत नाही. विरामांच्या मधला प्रत्येक फ्रेज वेगळा तपासला जातो. जुन्या जर्मन छपाईत खोदणारा कारागीर जे डोळ्याने ठरवायचा, ते हे.

यात एक बारकावा आहे आणि तो समजल्याशिवाय लोक वैतागतात. डोरिको दोघांना एका दांडीवर तेव्हाच आणतं जेव्हा सगळं जुळतं. पहिल्या हॉर्नला स्लर (स्वर बांधणारी कमान) आहे आणि दुसऱ्याला द्यायचा राहिलाय, की दोन दांड्या. एकाला मेत्सो फोर्टे (मध्यम जोरात) आणि दुसऱ्याला फोर्टे (जोरात), की दोन वेगळ्या खुणा. पान गिचमिड दिसायला लागलं की पुष्कळ जण सॉफ्टवेअरला दोष देतात. मला मात्र हा त्याचा मोठा गुण वाटतो. स्कोअरच्या पानावर विनाकारण दोन दांड्या दिसल्या की मी आधी माझ्याच लिखाणाकडे बघते: इथे दुसऱ्याने वेगळा श्वास घ्यावा असं खरंच म्हणायचंय का? ब्रासमध्ये स्लर म्हणजे जिभेचा ठोका न देता एका श्वासात बांधलेले स्वर. व्हायोलिनच्या पार्टवरून आठ मापांची लांबलचक कमान उचलून ट्रॉम्बोनवर ठेवली तर तो माणूस तिचं काय करणार? शेजारशेजारच्या दोन पार्टमध्ये अशी तफावत राहिली असेल तर कंडेन्स केलेलं पान ती आपोआप चव्हाट्यावर आणतं.

जिथे आपल्याला वेगळं हवं असेल तिथे ‘कंडेन्सिंग चेंज’ टाकून त्या मापापासून त्या गटापुरता निर्णय स्वतः घेता येतो. हे काम चिकाटीचं आहे. मोठ्या स्कोअरमध्ये असे बदल जागोजागी लागतात, आणि त्यांच्या चौकटीत कोण वरच्या दांड्यांवर, कोण खालच्या, हे नीट सांगावं लागतं. स्वर लिहिताना कंडेन्स केलेल्या पानावर राहू नका. गॅली व्ह्यू नावाच्या सलग पट्टीवर प्रत्येक वादकाची ओळ सुटीच दिसते. तिथे लिहा आणि पान फक्त बघायला उघडा. नव्या माणसाला एवढं एक सांगितलं तरी त्याची निम्मी धडपड वाचते.

हॉर्नच्या जोड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे परंपरा माहीत नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. चार हॉर्नमध्ये पहिला आणि तिसरा उंच सुरांचे, दुसरा आणि चौथा खालच्या सुरांचे. म्हणून चार स्वरांची कॉर्ड वाटताना वरून खाली 1, 3, 2, 4 असा क्रम लागतो. पाहणाऱ्याला तो उलटसुलट वाटतो, पण त्याचं मूळ व्हॉल्व्ह (नळीची लांबी बदलणारी झडप) येण्याआधीच्या काळात आहे. तेव्हाच्या हॉर्नला फक्त निसर्गतः येणारे स्वर मिळायचे आणि सूर बदलायचा तर नळीचा तुकडा बदलावा लागायचा. त्यामुळे दोन हॉर्न एका सुरात आणि दोन दुसऱ्या सुरात ठेवून संगीतकार काम भागवायचे. प्रत्येक जोडीत एक वरचा, एक खालचा. श्टोल्झेल आणि ब्लूमेल यांनी व्हॉल्व्हचं पेटंट 1818 मध्ये घेतलं, तरी जोड्यांची पद्धत वादकांच्या अंगात मुरली ती मुरलीच. जो लिहिणारा वरचे दोन स्वर 1-2 ला आणि खालचे दोन 3-4 ला देतो, तो दुसऱ्या हॉर्नवाल्याला त्याच्या सवयीबाहेर उंच आणि तिसऱ्याला विनाकारण खाली ठेवतो. डोरिकोमध्ये कंडेन्सिंगचे गट हाताने ठरवता येतात, त्यामुळे 1.3 आणि 2.4 अशा ओळीही करता येतील. पण मी तसं करत नाही. कंडक्टरची नजर 1.2 आणि 3.4 ला सरावलेली असते, आणि ती मोडायचं काही कारण नाही.

ट्रान्स्पोझिशनचं, म्हणजे स्वर त्या-त्या वाद्यासाठी वर-खाली करून लिहिण्याचं, काम डोरिको इतकं गुपचूप करतं की त्याचं मोल कळायला एकदा हाताने करून बघावं लागेल. एफमधला हॉर्न लिहिलेल्यापेक्षा षड्ज-पंचमाइतका खाली वाजतो, बी फ्लॅट ट्रम्पेट एक पूर्ण स्वर खाली. ट्रॉम्बोन आणि ऑर्केस्ट्रातला ट्यूबा लिहिलं तसेच वाजतात. इथे प्रत्येक लेआउटला सांगता येतं की तू कॉन्सर्ट सुरात (प्रत्यक्ष ऐकू येतो तसा) दिस की वाद्याच्या सुरात. मी स्कोअर कॉन्सर्ट सुरात ठेवून लिहिते. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचे स्कोअरही सीमध्येच, म्हणजे कॉन्सर्ट सुरातच, असत. पार्ट मात्र आपोआप वादकाच्या सुरात निघतात.

पण खरी परीक्षा सूर चढवण्यात नसते, स्वराला काय नाव द्यायचं यात असते. तुकडा बी मेजरमध्ये आहे असं धरा. हॉर्नवाल्याच्या कागदावर तो एफ शार्प मेजर होतो: सहा शार्प. बी फ्लॅट ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर सी शार्प मेजर: सात शार्प. तेच डी फ्लॅट मेजर म्हणून लिहिलं तर पाच फ्लॅट, आणि वाजवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. डोरिको असा सोपा पर्याय निवडू शकतं. शिवाय एखाद्या ठिकाणी एकच स्वर डोळ्याला खुपत असेल तर तो पार्टमध्ये बदलून लिहिला तरी स्कोअरवरचं नाव जसंच्या तसं राहतं. कंडक्टरला कॉर्डच्या दृष्टीने बरोबर असलेलं नाव आणि ट्रम्पेटवाल्याला बोटांच्या दृष्टीने सोपं नाव, दोन्ही एकाच फाइलमध्ये. पुन्हा तेच, एक संगीत आणि दोन कागद.

हॉर्न आणि ट्रम्पेटला की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला एकदाच दिलेले शार्प-फ्लॅट) न लिहिण्याची जुनी रीत आहे, ती वर सांगितलेल्या बिनव्हॉल्व्हच्या काळातली. आजही पुष्कळ हॉर्नवादक तशाच पार्टला सरावलेले असतात. प्रत्येक शार्प-फ्लॅट स्वराजवळच दिसावा असं त्यांना वाटतं. वाद्य निवडतानाच ‘की सिग्नेचर नाही’ असा हॉर्न इथे वेगळा मिळतो. आमच्याकडच्या वादकांना मी आधी विचारते, कारण बँडमधून आलेल्याला की सिग्नेचर लागते आणि जुन्या सिंफनी वाजवून तयार झालेल्याला ती नको असते.

पप्पांच्या युफोनियमवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लिश पद्धतीच्या ब्रास बँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडला तर झाडून सगळे ट्रेबल क्लेफ (ओळीवर उंच स्वर दाखवणारी सुरुवातीची खूण; खालच्या स्वरांसाठी बास क्लेफ असतो) वाचतात, अगदी अजस्र ट्यूबासुद्धा. वादक एका वाद्यावरून दुसऱ्यावर गेला तरी बोटं तीच राहावीत, हा त्यातला शहाणपणा. त्या पद्धतीत युफोनियमचा स्वर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक आणि वर एक स्वर इतका खाली वाजतो. आपल्याकडच्या बँडवाल्यांना ऑर्केस्ट्रात बसवायचं तर कंडक्टरला बास क्लेफ दिसला पाहिजे आणि वादकाला त्याच्या ओळखीचा ट्रेबल. डोरिको प्रोमध्ये वाद्याच्या व्याख्येतच कॉन्सर्ट पानासाठी एक क्लेफ आणि ट्रान्स्पोज केलेल्या पानासाठी दुसरा ठेवता येतो. वसई, गोवा किंवा कुठल्याही पोलीस बँडच्या वादकांबरोबर काम करणाऱ्याला ही सोय सोन्यासारखी आहे. चांगला युफोनियमवाला केवळ क्लेफमुळे घरी बसावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

म्यूट आणि वाद्यबदल यांचं थोडक्यात. शिफ्ट आणि पी दाबून चौकटीत ‘कॉन सॉर्ड.’ (म्यूट लावून) लिहिलं की खूण बसते, आणि साउंड लायब्ररीत तो आवाज असेल तर ऐकूही येतो. ‘सेंझा सॉर्ड.’ (म्यूट काढून) लिहायचं विसरू नये. वादक म्यूट लावून बसलेलाच राहतो आणि पुढचा फोर्टिसिमो नाकात बोलल्यासारखा येतो. हॉर्नच्या स्टॉप्ड स्वराला डोक्यावर अधिकची खूण आणि मोकळ्याला छोटं वर्तुळ. हाताने तोंड बंद केलं की सूर अर्ध्या स्वराने चढतो, त्याचा हिशेब वादक बोटांनी करतो. लिहिणाऱ्याने हवा तोच स्वर लिहायचा. म्यूट उचलून लावायला वेळ द्यायला हवा, ट्यूबाच्या म्यूटला तर भरपूर. ट्रम्पेटवाल्याच्या हातात सी आणि बी फ्लॅट अशी दोन्ही वाद्यं दिली तर ‘आता बी फ्लॅट घ्या’ ही सूचना डोरिको आधीच्या विरामात स्वतःहून छापतं. ट्रॉम्बोनच्या ग्लिसांडोचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा) हिशेब मात्र मी अजूनही कागदावर, स्लाइडच्या सात जागा मांडून करते. पहिल्या जागेपासून सातव्यापर्यंत स्लाइड ओढली की बी फ्लॅटवरून खालच्या ईपर्यंतच पोहोचता येतं, त्यापुढे नळीच संपते. 2025 च्या सहाव्या आवृत्तीत प्रूफरीडिंगचं पॅनेल आलंय, आणि संशयास्पद जागा ते दाखवतं. तरीही वाद्याची ओळख स्वतः करून घेण्याला पर्याय नाही.

क्यूवर, म्हणजे प्रवेशाआधी पार्टमध्ये दिलेल्या इशाऱ्यावर, मात्र मी रेंगाळणार आहे. ब्रासवाल्याच्या आयुष्यात वाट बघणं फार असतं. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोनवाले शेवटच्या भागापर्यंत नुसते बसून असतात. ब्राह्म्सच्या पहिलीतही तसंच. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबाला लार्गोमध्ये मिळतात ते जेमतेम 14 स्वर. इतक्या विरामानंतर थंड पडलेल्या वाद्यातून पहिलाच स्वर बरोबर काढायचा, तोही पियानिसिमोत, ही सोपी गोष्ट नाही. म्हणून पार्टमध्ये त्याच्या प्रवेशाआधी दुसऱ्या वाद्याची दोन-चार मापं बारीक अक्षरात छापतात. डोरिकोत शिफ्ट आणि यू दाबून त्या वाद्याचं नाव लिहिलं की क्यू येतो, वाचणाऱ्याच्या सुरात आणि क्लेफात बदलून. मूळ वाद्याच्या ओळीत पुढे बदल केला तर क्यूसुद्धा बदलतो. फक्त क्यू निवडताना स्कोअरकडे पाहू नका, खुर्चीकडे पाहा. मागच्या रांगेतल्या ट्यूबावाल्याला पुढच्या बाजूच्या व्हियोलाचा पिझिकाटो ऐकू येत नाही. त्याला टिंपनीचा किंवा शेजारच्या ट्रॉम्बोनचा क्यू द्या.

प्लेबॅकबद्दल माझं मत थोडं कडक आहे. 2023 च्या पाचव्या आवृत्तीपासून आयकॉनिका स्केच नावाची ऑर्केस्ट्राची लायब्ररी सोबत येते, आणि वेगळे पैसे देऊन नोटपरफॉर्मर हा प्लेबॅकचा प्रोग्रॅम जोडला तर ऐकायला आणखी छान वाटतं. स्वर चुकलाय का हे तपासायला ते पुरेसं आहे. तोल मात्र त्यावर ठरवू नये. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकॉव्हने सांगून ठेवलंय की जोरात वाजवताना एका ट्रम्पेटसमोर किंवा ट्रॉम्बोनसमोर उभं राहायला दोन हॉर्न लागतात. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून एक हॉर्नसुद्धा सगळ्यांवर मात करताना दिसतो, कारण मिक्सरवरची पट्टी कुणीतरी वर केलेली असते. त्यापेक्षा नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम असेल तेव्हा वरच्या बाल्कनीचं तिकीट काढा. 2006 पासून हा ऑर्केस्ट्रा मुंबईतच आहे. वरून ब्रासची रांग दिसते, म्यूट कधी उचलतात, पाणी कधी झटकतात, श्वास कुठे घेतात हे दिसतं, आणि पुढच्या स्कोअरवर तुमचा हात वेगळा चालतो.

आता पैशांचं. डोरिको प्रोची पूर्ण किंमत साडेपाचशे युरोंच्या पुढे आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही अरेंजरला दोनदा विचार करायला लावणारी. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सवलत आहे, दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅमवरून येणाऱ्यांनाही आहे, आणि सेलचे दिवस येत असतात; पूर्ण किमतीला घाईने घेऊ नका. एलिमेंट्स ही स्वस्त आवृत्ती आणि एसई ही फुकट आवृत्तीही मिळते. शिकायला त्या उत्तम, पण ज्या कंडेन्सिंगसाठी मी एवढं लिहिलं ते हवं असेल तर प्रोच घ्यावं लागतं. विंडोज आणि मॅकवर चालतं, आयपॅडसाठी वेगळी आवृत्ती आहे, लिनक्सवाल्यांना मात्र सोय नाही. शिकायला वेळ लागतो. फिनालेचा किंवा सिबेलिअसचा हात बसलेल्याला पहिले काही आठवडे सगळं उलटं वाटेल, कारण तिथे आधी कागद असतो आणि इथे आधी माणूस.

मग म्युझस्कोअर या दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅमचं काय, हे मला प्रत्येक जण विचारतो. ते फुकट आहे, मुक्त-स्रोत आहे, डिसेंबर 2022 च्या चौथ्या आवृत्तीपासून दिसायलाही देखणं झालंय, आणि त्याच्यासाठी मिळणारे ब्रासचे फुकट आवाज फारच चांगले आहेत. दोन ट्रम्पेट आणि एक ट्रॉम्बोन असलेला क्वायरचा तुकडा लिहायचा असेल, शाळेच्या बँडसाठी किंवा ब्रास क्विंटेटसाठी लिहायचं असेल, तर म्युझस्कोअर घ्या आणि पैसे चांगल्या म्यूटवर खर्च करा. हे मी मनापासून सांगते, माझ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगते. आपोआप कंडेन्स करण्याची सोय मात्र तिथे नाही. दोन हॉर्न एका ओळीवर दोन आवाजांत लिहिले आणि ते कुठे एकाच स्वरावर आले, की तो स्वर एका आवाजात लिहिला जातो आणि दुसऱ्या वादकाच्या पार्टमध्ये ती जागा रिकामी राहते. मग स्कोअरची एक फाइल आणि पार्टची दुसरी, असा दुहेरी कारभार सुरू होतो. एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे करायची राहून जाते आणि तालमीत वेळ जातो. अकरा ब्रासवाले पगारी बसले असताना ती पाच मिनिटं कुणालाच परवडत नाहीत. चार हॉर्न असलेले स्कोअर वारंवार लिहिणाऱ्याने डोरिको प्रो घ्यावं, बाकीच्यांनी थांबावं, हा माझा सरळ सल्ला.

छपाईसाठी एक सूचना. प्रत्येक लेआउटला कागदाचा आकार वेगळा देता येतो. मी स्कोअर ए3 ठेवते आणि पार्ट ए4, आणि प्रिंटच्या पडद्यावरून सगळे पार्ट एका फटक्यात निघतात. त्याआधी प्रत्येक पार्टचं उजवं पान कुठे संपतं ते बघा आणि तिथे विराम येईल असं पान तोडा. ट्रॉम्बोनवाल्याचा एक हात वाद्य पेलतो आणि दुसरा स्लाइडवर असतो. हॉर्नवाल्याचा उजवा हात वाद्याच्या तोंडात असतो. चालू फ्रेजमध्ये पान उलटायला त्यांच्याकडे तिसरा हात नाही, आणि शेजारी पान उलटणारा सोबतीही बहुतेक वेळा नसतो, कारण व्हायोलिनसारखे दोघं एका स्टँडवर ते बसत नाहीत.